सतराव्या दिवसाचे सोडियम: एका नवजात मुलातील सीएएचचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका कोरडवाहू तालुक्यातले हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून गाव, काळ आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत; वैद्यकीय क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. वडिलांचे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झालेले होते. पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात एकोणिसाव्या दिवशी दगावला होता आणि मृत्यूच्या कागदावर ‘सेप्सिस’, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, एवढेच कारण होते. दुसरा मुलगा पूर्ण दिवसांचा, ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीने जन्मला. जन्माच्या वेळी त्याचे वजन २.९ किलो होते, तो लगेच रडला आणि तिसऱ्या दिवशी आई-बाळ घरी गेले.

त्याचा आजार होता कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया, ज्याला बालरोग विभागात सगळे सीएएच म्हणतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन बनवतात. या साखळीतले २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर सहाव्या गुणसूत्रावरील सीवायपी२१ए२ या जनुकातील दोषामुळे निकामी असेल तर ही दोन्ही संप्रेरके अपुरी पडतात, मागे साचलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो आणि पीयूषिका ग्रंथी एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे संप्रेरक) ओतत राहिल्याने त्या फुगतात. सीएएचच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत हेच विकर बिघडलेले असते. अल्डोस्टेरॉन नसल्याने लघवीवाटे सोडियम वाहून जाते, पोटॅशियम शरीरात अडकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ कोसळते.

मुलींमध्ये पुरुषी संप्रेरकांच्या परिणामामुळे बाह्य जननेंद्रिये जन्मतःच वेगळी दिसतात, त्यामुळे प्रसूतिगृहातच कोणाच्या तरी लक्षात येते. मुलगा मात्र निरोगी दिसतो, घरी जातो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूला जंतुसंसर्ग हे नाव मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील पाच शहरांत नवजात बालकांची जी बहुकेंद्री तपासणी केली, तीत सीएएचचे प्रमाण साधारण ५,७६२ जन्मांमागे एक असे आढळले. म्हणजे पाठ्यपुस्तके या आजाराला जितका दुर्मीळ समजतात तितका तो आपल्याकडे नाही.

समस्या

आशाताईंच्या गृहभेटी वेळापत्रकाप्रमाणे झाल्या. सातव्या दिवशी वजन २.८५ किलो भरले. जन्मानंतर थोडे उतरून ते पुन्हा चढू लागण्याचा हा काळ असल्याने त्यात वावगे काही नव्हते. चौदाव्या दिवशी मात्र ते २.७ किलो होते. बाळ अंगावर प्यायला कंटाळते आणि प्यायल्यावर दूध टाकते, असे आईने सांगितले आणि वहीत तशी नोंदही झाली. दूध पाजण्याची पद्धत पुन्हा समजावण्यात आली. गावातल्या डॉक्टरांनी उलटीचे थेंब लिहून दिले.

सतराव्या दिवशी सकाळी बाळ हाक मारूनही डोळे उघडेना, तेव्हा त्याला उपजिल्हा रुग्णालयात आणले. वजन २.५ किलो, टाळू खोल गेलेली, हातपाय गार, रक्तातील साखर ४८. जंतुसंसर्ग गृहीत धरून प्रतिजैविके सुरू झाली आणि लहान मुलांना नेहमी लावतात ते, कमी सोडियमचे व थोडे पोटॅशियम असलेले सलाईन चालू झाले. दोन तासांनी रक्ताचा अहवाल आला: सोडियम ११८, म्हणजे फारच कमी, आणि पोटॅशियम ७.९, म्हणजे फारच जास्त.

प्रकरणाने वळण घेतले ते इथे, आणि त्याचे श्रेय ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांइतकेच बाळाच्या आजीलाही द्यावे लागेल. अधिकारी अहवाल पाहत असताना आजीने पिशवीतून पहिल्या नातवाची फाइल काढून टेबलावर ठेवली. “थोरला बी असाच एकोणिसाव्या दिवशी गेला, साहेब. असंच दूध टाकत हुता.” त्या फाइलमध्ये मृत्यूच्या आदल्या दिवसाचा रक्ताचा अहवाल होता. सोडियम १२१, पोटॅशियम ८.२, आणि पोटॅशियमच्या आकड्याशेजारी पेनाने प्रश्नचिन्हासह लिहिलेला एकच शब्द: ‘हिमोलाइज्ड?’

नवजात बाळाच्या टाचेतून दाबून रक्त काढले की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, हे खरे आहे. म्हणूनच तसा शेरा मारण्याची सवय सर्वत्र आहे. परंतु पेशी फुटल्याने सोडियम १२१ वर येत नाही. दोन आकडे एकत्र वाचले असते तर शंका आली असती. एकाच घरातल्या दोन मुलग्यांत तेच दोन आकडे पाहिल्यावर अधिकाऱ्यांनी बाळाला पुन्हा उघडे करून तपासले. अंडकोशाची त्वचा जवळजवळ काळी होती, स्तनाग्रे गडद होती आणि हिरड्यांवरही काळसर छटा होती. घरच्यांनी रंगाकडे लक्ष दिले होते, पण बाळ ‘आजोळच्या वळणावर गेलंय’ असे म्हणून विषय संपला होता. वाढलेल्या एसीटीएचमुळे त्वचा अशी काळवंडते, आणि नेमक्या याच जागी ती आधी दिसते.

विचारात घेतलेले पर्याय

उपजिल्हा रुग्णालयातून आमच्या, म्हणजे मोठ्या रुग्णालयातील बालरोग विभागाला फोन आला तेव्हा निदानाच्या यादीत चार गोष्टी होत्या. पहिली सेप्सिस, ती कोणत्याही नवजात बाळात पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही, म्हणून प्रतिजैविके चालूच राहिली. दुसरी पायलोरिक स्टेनोसिस, म्हणजे जठराचे तोंड आवळले जाऊन होणाऱ्या उलट्या. या आजारात आम्ल बाहेर पडल्याने रक्त अल्कधर्मी होते आणि पोटॅशियम कमी होते; इथे उलट चित्र असल्याने ती शक्यता मागे पडली. तिसरी म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे मूत्रपिंड काही काळ अल्डोस्टेरॉनला दाद न देणे. यातही सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते, पण त्वचा काळवंडत नाही. तरीही लघवीचा नमुना घेण्यास सांगितले. चौथी अर्थातच सीएएच.

एक प्रश्न फोनवरच विचारला गेला: दोन्ही अंडग्रंथी हाताला लागतात का? हा प्रश्न वरकरणी विसंगत वाटतो, पण त्याला कारण आहे. तीव्र सीएएच असलेली मुलगी कधीकधी इतकी पूर्णपणे मुलासारखी दिसते की तिची नोंद मुलगा म्हणून होते, फक्त अंडकोश रिकामा असतो. या बाळाच्या दोन्ही ग्रंथी जागेवर होत्या.

खरा पेच उपचाराच्या क्रमाचा होता. बाळाला आमच्याकडे आणायला रुग्णवाहिकेने साडेतीन तास लागणार होते. विकर निकामी असल्याने मागे साचणारा कच्चा माल मोजून निदान पक्के करणारी १७-ओएचपी ही तपासणी उपजिल्हा रुग्णालयात होत नव्हती, आणि हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे स्टेरॉइड) दिल्यावर तिचा आकडा खाली येऊ लागतो. म्हणून एक मत असे होते की बाळाला फक्त सलाईन देऊन ताबडतोब पाठवावे, नमुना मोठ्या रुग्णालयात घ्यावा आणि मगच औषध द्यावे. दुसरे मत याच्या अगदी विरुद्ध होते: नमुन्याची चिंताच करू नये, इंजेक्शन आधी द्यावे, निदान पुढे जनुकीय तपासणीने करता येईल. तिसरा मार्ग दोहोंच्या मधला, म्हणजे आहे त्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त साध्या नळीत काढून ठेवायचे आणि त्याच शिरेतून लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्यायचे.

तिसरा मार्ग निवडला गेला, आणि त्यामागचा हिशेब साधा होता. सेप्सिसच असते तरी हायड्रोकॉर्टिसोनच्या एका मात्रेने बाळाचे लक्षणीय नुकसान झाले नसते. सीएएच असून मात्रा मिळाली नसती तर रस्त्यातच हृदय थांबण्याचा धोका होता. शीर सापडली नसती किंवा नमुना निघाला नसता, तर दुसरा मार्ग धरून स्नायूत इंजेक्शन द्यायचे, हेही फोनवर ठरले होते. नमुन्यासाठी औषध थांबवायचे नाही, एवढी एक गोष्ट वादाबाहेर होती.

केलेली कार्यवाही

हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची बाटली दम्यासाठी आणि ॲलर्जीसाठी प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन ट्रेमध्ये पडलेली असते. तीच बाटली दोन मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले अर्धा मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिग्रॅम, शिरेतून देण्यात आले. आधीचे सलाईन काढून नॉर्मल सलाईन ५० मिलिलिटर आणि पाच मिलिलिटर दहा टक्के ग्लुकोज दिले. ईसीजीत टी लहरी उंच आणि टोकदार दिसत असल्याने कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू दिले. पोटॅशियम उतरवण्यासाठी इन्सुलिन देण्याचा विचार झाला, पण कॉर्टिसॉल नसलेल्या आणि साखर आधीच कमी असलेल्या बाळात तो टाळलेलाच बरा. शिवाय सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन या दोहोंनीच पोटॅशियम बहुधा उतरते. रक्ताची नळी फिरवून वेगळा केलेला द्रव बर्फासह थर्मासमध्ये ठेवून वडिलांच्या हाती देण्यात आला.

बाळ आमच्याकडे पोहोचले तेव्हा रडत होते. अतिदक्षता विभागात हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला शरीराच्या प्रति चौरस मीटर १०० मिलिग्रॅम या हिशेबाने, सहा-सहा तासांनी विभागून चालू ठेवले. इतक्या मोठ्या मात्रेत हायड्रोकॉर्टिसोन स्वतःच मीठ धरून ठेवण्याचे काम करते, त्यामुळे फ्लुड्रोकॉर्टिसोन हे अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे औषध मात्रा उतरवताना सुरू केले. सोडियम पहिल्या चोवीस तासांत ११८ वरून १२६ वर आणले. मेंदूला इजा होऊ नये म्हणून त्याहून घाई मुद्दामच केली नाही. चौथ्या दिवशी सोडियम १३५ आणि पोटॅशियम ५.१ होते. रक्तातील आणि लघवीतील जंतुतपासणी निर्मळ आली. थर्मासमधून आलेल्या नमुन्याचा १७-ओएचपी प्रति मिलिलिटर २०० नॅनोग्रॅमच्या वर, म्हणजे प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या मर्यादेपलीकडे होता. आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळातही हा आकडा काहीसा वाढतो, पण इतका नाही.

घरी जाताना औषधे तीन होती: हायड्रोकॉर्टिसोनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग दिवसातून तीनदा, फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम दिवसातून एकदा, आणि एक ग्रॅम मीठ. मिठाच्या एकेक ग्रॅमच्या पुड्या रुग्णालयाच्या औषधनिर्मात्यांनी वजन करून बांधून दिल्या. रोज सकाळी एक पुडी दहा मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची आणि सिरिंजने दिवसभरात प्रत्येक पाजण्याआधी थोडी थोडी द्यायची, असे आईकडून तीनदा करवून घेतले.

घरी गेल्यावर

दोन महिन्यांच्या भेटीत सोडियम १२९ निघाले आणि शरीराला मीठ कमी पडले की वाढणारे रेनिन खूप वाढलेले होते. गोळ्या बरोबर दिल्या जात होत्या; मीठ मात्र बंद होते. वर्षाच्या आत बाळाला मीठ-साखर द्यायची नाही, हा सल्ला अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी, सगळीकडे दिला जातो आणि तो इतर बाळांसाठी योग्यच आहे. आशाताईंनी तोच प्रामाणिकपणे दिला, आजीनेही दुजोरा दिला आणि आईची इच्छा असूनही तिचे चालले नाही. आईला दोष देऊन काही साधणार नव्हते. विभागाने मराठीत अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली: या बाळाच्या शरीरात मीठ टिकत नाही, त्याच्यासाठी मीठ हे औषध आहे, वरचे अन्न सुरू होऊन पुरेसे मीठ पोटात जाईपर्यंत ते चालू राहील. चिठ्ठीची एक प्रत आशाताईंना आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्राला दिली, आणि आजीशी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे बोलणे केले. पुढच्या भेटीत सोडियम १३७ होते.

याहून अवघड प्रश्न तिसऱ्या महिन्यात आला. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तालुक्यात कोणत्याही मेडिकलमध्ये मिळेनात. जवळच्या डॉक्टरांनी औषध खंडित होऊ नये या सद्हेतूने प्रेडनिसोलोनचे सिरप दिले, दिवसातून दोनदा एक-एक मिलिग्रॅम. औषध बंद पडण्यापेक्षा हे निश्चितच बरे. काही दिवसांसाठी आम्हीही तेच सांगितले असते. पण प्रेडनिसोलोन वाढ रोखण्यात हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी प्रभावी असते आणि ही मात्रा गरजेच्या जवळजवळ दुप्पट ठरत होती. बाळ गुटगुटीत झाले, गाल भरले, घरचे खूश होते. पाचव्या महिन्याच्या भेटीत फुटपट्टीवर कळले की दोन महिन्यांत लांबी जेमतेम एक सेंटिमीटर वाढली आहे. या वयात ती चार सेंटिमीटर तरी वाढायला हवी होती.

सिरपच कमी मात्रेत चालू ठेवणे सोपे होते आणि स्वस्तही. हायड्रोकॉर्टिसोनचे द्रावण बनवून देणे हा दुसरा पर्याय होता, परंतु घरगुती साठवणुकीत प्रत्येक थेंबात औषध सारखे राहील याची खात्री नसते. अखेर गोळ्यांवरच परत जायचे ठरले. तीन महिन्यांचा साठा एकदम द्यायचा, शेवटची पट्टी उघडली की फोन करायचा आणि पुढचा साठा एसटीच्या पार्सलने तालुक्याच्या स्थानकावर पाठवायचा, अशी व्यवस्था लागली. ती कोणत्याही शासकीय योजनेत बसत नाही, पण चालते.

नवव्या महिन्यात बाळाला १०२ ताप आला. ठरल्याप्रमाणे घरच्यांनी हायड्रोकॉर्टिसोन तिप्पट केले. दोन्ही वेळा उलटून पडल्यावर ते रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांना तापात, संसर्गाच्या शंकेत स्टेरॉइड देणे पटेना, आणि सर्वसाधारण बाळाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे चूक नव्हते. वडिलांनी लॅमिनेट केलेले कार्ड पुढे केले. त्यावर आजाराचे नाव, ‘ताप व उलटी असल्यास हायड्रोकॉर्टिसोन २५ मिलिग्रॅम स्नायूत, ताबडतोब, त्यानंतर नॉर्मल सलाईन व साखर’ एवढ्या ओळी आणि विभागाचा क्रमांक होता. फोन झाला, इंजेक्शन मांडीत दिले गेले. सकाळी बाळ प्यायले. त्यानंतर त्या केंद्राच्या ट्रेमधील बाटलीवर बाळाचे नाव लिहिलेली पट्टी चिकटवली गेली, ती कोणी चिकटवली हे आम्हाला कळले नाही.

परिणाम

दोन वर्षे पूर्ण झाली तेव्हा मुलगा ८५ सेंटिमीटर उंच आणि ११.३ किलो वजनाचा होता. चालतो, बोलतो, आजीच्या मागे गोठ्यात फिरतो. मीठ पहिल्या वाढदिवसानंतर थांबवले, रक्तदाब आणि रेनिन पाहून फ्लुड्रोकॉर्टिसोनही थोडे उतरवले. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दर भेटीत उंची आणि वजनावरून नव्याने मोजली जाते, कारण जास्त झाली तर वाढ खुंटते आणि कमी पडली तर पुरुषी संप्रेरके वाढून हाडांचे वय पुढे धावते. उपचार आयुष्यभराचा आहे.

जनुकीय तपासणीत जनुकाच्या दोन्ही प्रतींवर इंट्रॉन दोन या भागातला तोच एक दोष सापडला आणि आईवडील प्रत्येकी एका प्रतीचे वाहक निघाले. सीवायपी२१ए२ शेजारीच त्याच्यासारखे दिसणारे एक निष्क्रिय जनुक असते, त्यामुळे ही तपासणी या जनुकाचा अनुभव असलेल्या प्रयोगशाळेतच करावी लागते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या बाळाच्या वेळी गेली. मृत्यूनंतर कुटुंबाला बोलावून, फाइल पुन्हा वाचून, नात्यातले लग्न आणि मुलग्याचा तिसऱ्या आठवड्यातला मृत्यू यांचा संबंध कोणी जोडला असता, तर दुसऱ्या बाळाचे रक्त तिसऱ्या दिवशीच तपासले गेले असते. अर्भकमृत्यूचे अन्वेषण कागदावर होते. त्यात सोडियम-पोटॅशियमच्या जोडीसाठी रकाना असावा, असे आमचे मत आहे.

चौदाव्या दिवसाची नोंद दुसरी संधी होती. दहा ते चौदा दिवसांत बाळाने जन्मवजन परत गाठायला हवे. सातव्या दिवसानंतर वजन उतरत असेल तर पाजण्याचा सल्ला देऊन थांबण्याऐवजी त्याच दिवशी पुढे पाठवणे हा नियम आशाताईंच्या हाती द्यायला हवा. आशाताईंनी वजन बरोबर घेतले होते आणि बरोबर लिहिले होते. पुढचा दरवाजा त्यांना दाखवलेला नव्हता.

टाचेतील रक्ताच्या थेंबावर होणारी नवजात तपासणी अमेरिकेत सर्व राज्यांत सीएएचसाठी होते. आपल्या शेजारी गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात ती सार्वत्रिक नाही. सार्वत्रिक होईपर्यंत निदान आधीचे मूल अचानक दगावलेल्या आणि नात्यातले लग्न असलेल्या घरांत तरी ती करता येईल. औषधांबाबत क्रम उलटा असायला हवा होता: कोणत्या दुकानात गोळी मिळते याचा शोध बाळ वॉर्डात असतानाच घ्यावा, गोळी संपल्यावर नव्हे. तसेच आजीला मिठाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून बसवणे सोपे होते.

उरलेला प्रश्न

पुढच्या प्रत्येक गर्भधारणेत हा आजार होण्याची शक्यता चारात एक आहे. अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश घेऊन तपासणी करता येते, आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा जनुकीय आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तिला परवानगी देतो. लिंग मात्र सांगता येत नाही. आईवडिलांनी ती नको म्हटले. आजार उपचाराने सांभाळता येतो हे त्यांनी स्वतः पाहिले होते, म्हणून पुढील बाळाचे १७-ओएचपी तिसऱ्या दिवशी आणि सोडियम-पोटॅशियम पहिल्या दोन आठवड्यांत वारंवार, असे ठरले.

याच घरात मुलाच्या आत्याचे त्याच्या मामाशी, म्हणजे साटेलोटे पद्धतीने, लग्न ठरवण्याची बोलणी चालू आहेत. दोघेही वाहक असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, म्हणून त्यांच्या मुलाला आजार होण्याची शक्यता सोळात एक येते. विभागाने दोघांचीही एकाच दिवशी तपासणी करावी आणि अहवाल फक्त त्या दोघांनाच द्यावा असे सुचवले, कारण फक्त मुलीचे रक्त तपासले तर ठपका तिच्यावरच येईल, ही भीती आजीने स्वतः बोलून दाखवली होती. मामा तयार आहे. आत्याने दिवाळीनंतर सांगते असे म्हटले आहे.